देहभान

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात एक जुना वाद नव्याने सुरू होतो. मुलांना सुतळी बॉम्ब हवे असतात आणि मला ते नको असतात. म्हाताऱ्यांना आवाजाचा त्रास होतो, कुत्री बिथरतात, हवा खराब होते, अशी सबळ कारणे मी त्यांना देतो. शिक्षकाला कारणांची वाण कधी नसते. खरे कारण मात्र मी बरीच वर्षे कोणाला सांगितले नव्हते. पहाटेच्या काळोखात कुठे धडाम् झाले की मी अंथरुणात नसतो, अंगणात उभा असतो. तिथवर कसा आलो ते मला कळत नाही. आधी पाय धावतात आणि मग मी जागा होतो.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची ५२ गावे काही क्षणांत आडवी झाली; हजारो माणसे गेली. आमच्याकडची घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्या घरांचा आम्हांला मोठा अभिमान! त्याच घरांनी माणसांना गाडले. मी बारा वर्षांचा होतो. त्या रात्री अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. माझी धाकटी बहीण आत होती. तिच्याविषयी शेवटी सांगेन. आधी सांगण्याचा धीर अजून होत नाही.

वाचकहो, सणासुदीला हे काय काढले, असे आपण म्हणाल. पण हा लेख भूकंपाचा नाही. मोठी भीती माणसाच्या अंगात कशी बिऱ्हाड करते आणि तिला बाहेर आणण्याची वाट माणसांनी कशी शोधली, याचा हा इतिहास आहे. मी डॉक्टर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा शाळामास्तरचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. एका कादंबरीसाठी पहिल्या महायुद्धावरची पुस्तके जमवू लागलो, आणि त्या परक्या पुस्तकांत मला माझेच पाय धावताना दिसले.

*

भूकंपानंतर मामांनी मला कृष्णाकाठी आपल्या गावी आणले. गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत अशा पाट्या आहेत. जे परत आले ते कोणत्या अवस्थेत आले, हे कोरायला पाटीवर जागा नव्हती.

ती हकिकत आजी सांगायची. तिने ती तिच्या सासूकडून ऐकलेली. गावातला एक गडी 'बसऱ्याला' गेला आणि धडधाकट परतला. हातपाय शाबूत, पेन्शन सुरू. पण पावसाळ्यात ढग गडगडले की तो गोठ्यात शिरायचा आणि बैलांच्या पायांत अंगाची मोटली करून पडायचा. कोणी म्हणे बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणे रणातले वारे लागले. अंगारे-धुपारे झाले, गंडेदोरे झाले. पोरे त्याच्यामागे 'भित्रा शिपाई' म्हणून ओरडत. ही गोष्ट सांगून झाली की आजी माझ्या पाठीवरून हात फिरवी आणि म्हणे, "लेकरा, तू त्याच्यावानी करू नगंस हं." तिची माया खरी होती. पण मी मनाशी पक्के केले, की आपल्या पायांची गोष्ट कोणाला कळता कामा नये.

बसऱ्याकडे म्हणजे मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, आपली माणसे काय भोगून आली हे मला फार उशिरा समजले. सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कुट या गावात कोंडले. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्या पाच महिन्यांत बाहेर तोफा आणि आत उपासमार. शेवटी घोडी-खेचरे मारून खाण्याची पाळी आली. शरण गेलेल्यांतले कितीतरी पुढे कैदेत आणि रस्त्यातच मेले. असल्या मुलखातून जो माणूस गावी परततो, त्याला बैलांच्या पायांत सुरक्षित वाटत असेल तर त्यात नवल कसले?

*

भीती अंगात राहते हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण 'मला भय वाटले' असे क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, काळजात धस्स झाले, पोटात गोळा आला, हातपाय गळाले, तोंडचे पाणी पळाले, पायांखालची जमीन सरकली. नखशिखान्त भीतीचे एवढे बारकाईने वर्णन करणाऱ्या भाषेला शास्त्रज्ञांनी काय शिकवावे? तरी १८८४ साली विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने जेव्हा मांडले, की आपण भितो म्हणून थरथरत नाही, तर शरीर थरथरते म्हणून आपल्याला भीती जाणवते, तेव्हा विद्वानांत मोठी खळबळ उडाली.

त्याच्या आधी एकोणीस वर्षे, ९ जून १८६५ रोजी, इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे आगगाडी पुलावरून घसरली आणि दहा माणसे मेली. गाडीत चार्ल्स डिकन्स होते. त्यांना खरचटलेही नाही. ते डबा सोडून खाली उतरले, टोपीतून पाणी आणून जखमींना पाजत हिंडले. पण पुढे रेल्वेत बसले की त्यांना घाम फुटे, अंग कापे. गाडी एका बाजूला कलंडते आहे असा भास होई. त्या काळी आगगाडीच्या अपघातानंतर वरून धडधाकट दिसणारी माणसे अशी खचून जात. एरिक्सन नावाच्या शस्त्रवैद्याने १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि पाठीच्या कण्याला बसलेल्या हिसक्यावर ठपका ठेवला. न दिसणारा घाव डॉक्टरही आधी हाडांत शोधू लागले ते असे. डिकन्स अपघातानंतर बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी वारले.

मग महायुद्ध आले. खंदकांतून माणसे मुकी होऊन, आंधळी होऊन, लटलटत बाहेर येऊ लागली आणि अंगावर जखम एकही नाही! फेब्रुवारी १९१५मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन शिपायांची हकिकत छापली आणि 'शेल-शॉक' हा शब्द रूढ झाला. तोफगोळा जवळ फुटून मेंदूला धक्का बसत असावा, अशी आधी समजूत होती. पण तोफेच्या जवळपासही न गेलेली माणसे त्याच अवस्थेत येऊ लागली तेव्हा ती समजूत गळून पडली. मग उरला तो जुनाच शब्द : भेकड. ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे ३०६ शिपाई रण सोडल्याबद्दल, भ्याडपणाबद्दल, अशाच गुन्ह्यांसाठी पहाटे उभे करून गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांना माफी मिळाली २००६ साली.

जे दवाखान्यात पोचले त्यांतल्या काहींची गत फार बरी नव्हती. लंडनमध्ये येलंड नावाच्या डॉक्टरपुढे एक मुका झालेला शिपाई आणला. येलंडने खोलीचे दार लावून घेतले, किल्ली खिशात टाकली, आणि तो बोलेपर्यंत चार तास त्याच्या घशाला विजेचे झटके दिले. शिपाई बोलला. येलंडने १९१८च्या आपल्या पुस्तकात ही हकिकत विजय म्हणून सांगितली आहे. मी शाळामास्तर आहे. छडीने पाढे पाठ झालेले मी पाहिले आहेत. त्या मुलाला गणित आले असे मात्र मी कधी म्हणणार नाही.

*

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या गृहस्थांकडे येतो. त्यांचे नाव विल्यम रिव्हर्स. केंब्रिजचे विद्वान, अविवाहित, लहानपणापासून बोलताना अडखळणारे. आपल्याकडे निलगिरीवर येऊन १९०१-०२ साली ते तोडा लोकांत राहिले आणि १९०६ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यांचा दुसरा एक उद्योग.

हेन्री हेड हा त्यांचा मित्र डॉक्टर होता. नस तुटल्यावर स्पर्शाची जाणीव कशी परत येते हे रोग्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून २५ एप्रिल १९०३ रोजी त्याने स्वतःच्याच डाव्या हाताची नस कापून घेतली आणि पुन्हा टाके घालून जोडून घेतली. पुढे चार वर्षे तो सुट्टी काढून केंब्रिजला येई. रिव्हर्स त्याचे डोळे मिटवून हातावर कधी कापूस फिरवीत, कधी टाचणी टोचीत, कधी गार तर कधी ऊन नळी टेकवीत, आणि उत्तर टिपून घेत. त्यांना दिसले ते असे : आधी हात पूर्ण बधिर. मग जाणीव परत आली ती राकट, रानटी. कुठे टोचले ते सांगता येत नाही. पण सगळा हात झिणझिणून उठतो, जीव नकोसा होतो. फार उशिरा नाजूक जाणीव आली : हा कापूस, हे बोट, हे इथे, एवढेच. त्यावर दोघांनी उभारलेला सिद्धान्त पुढच्या शास्त्रज्ञांनी बराचसा नाकारला. पण तो क्रम वाचताना मी थबकलो. बधिरपणा, मग सगळीकडे पसरलेली बेसुमार वेदना, आणि मग हळूहळू 'हे इथे दुखते आहे, एवढेच दुखते आहे' असे ओळखू येणे. मनाचे घावही मी याच क्रमाने भरताना पाहिले आहेत.

ऑक्टोबर १९१६मध्ये स्कॉटलंडात एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे शेल-शॉक झालेल्या अधिकाऱ्यांसाठी इस्पितळ उघडले आणि रिव्हर्स तिथे आले. अधिकाऱ्यांसाठी, हे मुद्दाम सांगतो. साध्या शिपायाच्या वाट्याला असे डॉक्टर क्वचितच आले, आणि बसऱ्याहून परतलेल्या गड्याच्या वाट्याला मांत्रिक आला. त्या वेळी रोग्याला सर्रास सांगत, "झाले ते विसरा, चांगल्या गोष्टींचा विचार करा." दिवसभर माणूस नेटाने विसरे आणि रात्री स्वप्नात ते सगळे दसपटीने उसळून येई. रिव्हर्स म्हणत, विसरू नका आणि रात्रंदिवस उगाळतही बसू नका. रोज थोडा वेळ त्या आठवणीकडे पाहा, विश्वासाच्या माणसापाशी बोला, आणि तिची सोसता येईल अशी एखादी खरी बाजू आहे का ते शोधा.

एका अधिकाऱ्याला त्याच्या जिवलग मित्राचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडले होते. रोज रात्री स्वप्नात तो मित्र तशाच रूपाने अंगावर चालून येई. रिव्हर्सनी त्याला शांतपणे सांगितले, की ज्या अर्थी देहाची एवढी दशा झाली त्या अर्थी तुझा मित्र तत्क्षणी गेला. त्याला वेदना कळलीही नसेल. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. काही रात्री स्वप्न पडलेच नाही. मग पडले ते निराळे : तो स्वतःच मित्राला शोधीत गेला, त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला, आणि जागा झाला तेव्हा भयाने किंचाळत नव्हता, दुःखाने रडत होता. भयाचे दुःख झाले! ज्याच्यावर गुदरली आहे त्यालाच कळेल की ही केवढी मोठी मजल आहे. दुःख आपले असते. भय आपल्याला परके करून टाकते.

तिथेच आर्थर ब्रॉक नावाचे दुसरे डॉक्टर होते. त्यांचा भर बोलण्यापेक्षा हातापायांवर. रोग्याला पहाटे उठवून पोहायला, चालायला लावीत. कोणाला बागेत, कोणाला जमीन मोजायला धाडीत. विल्फ्रेड ओवेन हा तरुण कवी त्यांच्याकडे होता. त्याला त्यांनी इस्पितळाचे नियतकालिक चालवायला दिले, आणि गावातल्या शाळेत मुलांना शिकवायलाही पाठवले. ब्रॉक ग्रीक पुराणातल्या अँटियसचा दाखला देत. हा राक्षस भूमीचा पुत्र. पाय जमिनीला टेकलेले असेपर्यंत अजिंक्य. हर्क्युलिसने त्याला उचलून अधांतरी धरले तेव्हाच तो मेला. घाबरलेला माणूस असाच अधांतरी असतो, त्याचे पाय पुन्हा जमिनीला टेकवा, असे ब्रॉकचे म्हणणे. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. ज्याला जमिनीनेच दगा दिला, त्याने पाय कुठे टेकायचे?

या इस्पितळाची एक दुखरी बाजू लपवणे बरे नव्हे. माणसांना बरे करायचे ते पुन्हा लढायला पाठवण्यासाठी. रिव्हर्सना याचा सल होता. ओवेन आघाडीवर परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, मारला गेला. रिव्हर्स स्वतः १९२२ साली वारले.

*

या इतिहासात १९२४ हे साल मला विलक्षण वाटते. त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या.

रशियात लेनिनग्राडला २३ सप्टेंबरला महापूर आला. पावलॉव्ह या शास्त्रज्ञांची प्रयोगाची कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी छपराला भिडत चालले होते. नोकरांनी पोहत येऊन त्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढले. कुत्री वाचली, पण काही जण पहिली राहिली नाहीत. शिकवलेले सगळे विसरली. महिन्यांनी सावरली असे वाटत असता प्रयोगशाळेच्या दाराखालून पाण्याचा एक ओघळ आत सोडला, आणि कुत्रे पुन्हा थरथर कापू लागले. पूर ओसरला होता; तो कुत्र्याच्या अंगातून ओसरला नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनएक वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. पीटर सशाला भ्यायचा. पांढऱ्या कापसालाही भ्यायचा. बाईंनी काय केले? त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा दूर कोपऱ्यात ठेवायचा. रोज थोडा जवळ. सोबत न भिणारी मुले असायची. मधेच पीटर आजारी पडला, एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि केलेले सगळे पाण्यात गेले. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. मेंदूला नवे वळण लावणे म्हणतात ते हेच. आणि बालवाडीच्या बाईंना ते कोणी शिकवावे लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या लोणावळ्याची. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसनांनी आणि प्राणायामाने शरीरात नेमके काय घडते हे नुसत्या श्रद्धेवर न सोडता त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या यंत्रांनी तपासायला घेतले. त्यांच्यानंतर ९० वर्षांनी, २०१४ साली, अमेरिकेत बोस्टनच्या बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोवैद्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या अत्याचारांचे घाव अंगात घेऊन जगणाऱ्या आणि इतर उपायांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, सौम्य आसने आणि श्वासाकडे लक्ष देणे शिकवले. बाकीच्यांना आरोग्याची माहिती दिली. शेवटी पहिल्या गटातल्या ३१पैकी १६ जणी त्या आजाराच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात २९पैकी ६.

त्या आजाराला नाव मिळाले होते १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. आघातोत्तर तणाव विकार असे आपण त्याला म्हणू. मेंदू म्हणजे एकदा भाजलेले मडके नव्हे, हेही दरम्यान कळले. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतला रस्ते लक्षात ठेवणारा भाग वर्षांगणिक वाढलेला असतो, असे २००० साली दिसून आले. पायवाट रोज चालल्यानेच पडते. भीतीची पडते, तशी धीराचीही पडू शकते.

आपल्याकडे कीर्तनात रंगलेला माणूस देहभान विसरला, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते विसरणे आनंदाचे. भयाने मात्र देहभान हिरावले जाते, आणि ते चमच्याचमच्याने परत आणावे लागते : हे माझे पाय, ही जमीन, हा श्वास, हे आजचे साल.

*

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडचा तो पूर वाचकांना आठवत असेल. आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा घरच्यांबरोबर एक अख्खी रात्र छपरावर होता. सकाळी होडीतून त्यांना काढले. शाळा पुन्हा भरली तेव्हा तो अगदी शहाण्यासारखा वागे. सगळे म्हणत, पोरगा धीराचा आहे. ऑक्टोबरात एक दिवस शाळेची पाण्याची टाकी भरून वाहिली आणि पाण्याचा ओघळ वर्गाच्या दाराखालून आत आला. पोरगा बाकावर उभा राहून किंचाळू लागला. मुले हसली. मला लेनिनग्राडची कुत्री आठवली, आणि गोठ्यातला शिपाई आठवला. मी मुलांना म्हणालो, "हसू नका. मला पण असं होतं." उभ्या आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले, तेही पस्तीस पोरांपुढे!

त्याच्या आईवडिलांना घेऊन तालुक्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी त्याला तपासले आणि आम्हांला रीत घालून दिली. जबरदस्ती नको, घाई नको. डिसेंबरात नदी उतरून काचेसारखी झाली होती. रोज शाळा सुटल्यावर मी, तो आणि त्याचे दोन मित्र घाटावर जायचो. पहिल्या दिवशी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसलो. कागदात भडंग. तळपाय दगडाला टेकवायचे, दगड गार आहे की ऊन ते सांगायचे, श्वास सावकाश सोडायचा, भडंग खायचे, आणि घरी. दोन-तीन दिवसांनी एक पायरी खाली. एकदा तो म्हणाला, "सर, नदी आता झोपलीया न्हवं?" मी म्हणालो, "झोपली नाही रे. पण आज ती तिच्या जागेवर आहे, आणि आपण आपल्या." संक्रांतीनंतर कधीतरी त्याने पाण्यात घोट्यापर्यंत पाय घातले.

जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला आणि पीटरसारखेच झाले. सगळे पुसले गेले. पाणी उतरल्यावर तो, आता मिसरूड फुटलेला, माझ्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पयल्या पायरीपास्नं." भडंग त्याने आणले होते.

हा काही रामबाण उपाय म्हणून मी सांगत नाही. कित्येकांना डोळे मिटून श्वास पाहा म्हटले तर उलट अधिक घुसमटते. काहींना औषध लागते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. जाणत्या डॉक्टरकडे जावे. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, तिथे मराठीत बोलता येते.

*

आता बहिणीचे सांगतो. त्या रात्री ती गोधडी घेऊन अंगणात आली होती. "दादा, मला तुझ्यापाशी झोपायचंय." ती झोपेत लाथा मारायची. मी म्हणालो, "जा आत, आजीपाशी झोप." ती गेली.

एवढेच. हे चार शब्द मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ अंगावर वागवले. पाय धावायचे ते जमिनीच्या भीतीने, असे मी समजत होतो. तसे नव्हते. ते तिला आणायला धावायचे आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या बाहेर उभे राहायचे.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन विदुषीने २००३पासून आत्मकरुणेवर बरेच लिहिले आहे. बौद्ध विचारातून तिने ते घेतले. तिचे सांगणे साधे आहे : आपल्या जागी आपला मित्र असता तर त्याला काय म्हटले असते, तेच स्वतःला म्हणा. मला हे स्वतःचे लाड वाटायचे. पण एकदा सातवीच्या वर्गावर मुले धडा उतरवून घेत होती आणि मी नुसता त्यांच्याकडे पाहत होतो. बारा-बारा वर्षांची ती पोरे. यांतल्या एकाने बहिणीला 'आत जा' म्हटले असते, तर मी त्याला खुनी म्हटले असते का? मी त्याला जवळ घेतले असते. मग त्या एका बारा वर्षांच्या पोरालाच मी एवढी वर्षे वर्गाबाहेर का उभे केले होते?

मग रिव्हर्सनी म्हटली तशी सोसवेल अशी खरी बाजू शोधायला बसलो. ती होतीच. ढिगारा उपसणाऱ्यांनी मामांना सांगितले होते, की पोरगी आजीच्या कुशीत होती आणि आजीचा हात तिच्या डोक्यावर होता. मी हे पूर्वीही ऐकले होते. पण ऐकताना अंगणातच उभा होतो. त्या रात्री पहिल्यांदा मनाने उंबरा ओलांडून आत गेलो. खूप रडलो. बायकोने काही विचारले नाही, पाणी आणून दिले.

गेल्या दिवाळीत मुलांशी तह केला. एकच सुतळी बॉम्ब, आणि तो लावण्याआधी मला हाक मारायची. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर मी अनवाणी अंगणात उभा राहिलो. सडा नुकताच घातला होता. माती गार आणि ओली होती. मुलगी ओरडली, "बाबा, लावतेय हं!" वात सुरसुरली. धडाम् झाले. माझे पाय थरथरले, पोटऱ्यांपर्यंत थरथरले. पण धावले नाहीत. मुलीने येऊन माझा हात धरला आणि आम्ही फराळाला आत गेलो.